ज्योत्स्नाताईंचं एक मत

शफी शेख यांनी एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं. मुंबईला विधान भवनात ते मराठी प्रतिवेदक होते. सभागृहाच्या मधोमध एक टेबल असतं. तिथं मान खाली घालून बसायचं आणि जो जे बोलेल ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवायचं, हे त्यांचं काम. दहा मिनिटं झाली की दुसरा प्रतिवेदक हळूच येऊन बसायचा, हे उठून आत जायचे, आपली दहा मिनिटं टाईप करायचे आणि पुन्हा पाळी येईस्तोवर चहा. चिडलेले, गहिवरलेले, डुलकीतून खडबडून उठून भलत्याच विधेयकावर बोलू लागलेले असे शेकडो आमदार त्यांनी ऐकले. पण इतक्या वर्षांत "शफीसाहेब, तुम्हाला काय वाटतं?" असं त्यांना कोणी विचारलं नाही, आणि हळूहळू त्यांनीही ते स्वतःला विचारणं सोडून दिलं.

निवृत्त होऊन ते अकोल्याला, ताजनापेठेतल्या आपल्या घरी परत आले, त्याला वर्ष होत आलं होतं. बायको जैनबबी पहिले दोन महिने खूश होती. मग कुरकुरायला लागली.

"अजी, मी बोलते आन् तुमी नुसते ऐकता. मी काय मंत्री आहो का? एखादी बार उलटून तरी बोला!"

शफी हसले, पण उलटून काही बोलले नाहीत.

त्यांची मुलगी फलक अमरावतीला एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. जानेवारीतल्या एका रविवारी ती घरी आली ती नवीनच बातमी घेऊन. तिच्या वर्गातल्या सहा मुलामुलींनी एक प्रकल्प घेतला होता. आपल्या भागातला एक आमदार निवडायचा, त्यानं पाच वर्षांत जाहीरपणे काय काय सांगितलं ते गोळा करायचं आणि सभागृहात हात कुठं वर केला ते त्याच्याशी ताडून पाहायचं. मुलांनी एकमतानं ज्योत्स्ना गावंडे यांना निवडलं होतं.

ज्योत्स्नाताई विधान परिषदेच्या आमदार, कुठल्याच पक्षाच्या नाहीत, अपक्ष. आधी नांदगाव खंडेश्वरकडे हायस्कुलात गणित शिकवायच्या. विधवेच्या कपाळाचं कुंकू असो, जातीबाहेर लग्न केलेल्या पोरांना आसरा देणं असो, की कापसाच्या जिनिंगमधल्या बायांच्या कामाचे तास असोत, ज्या विषयावर बाकीचे पुढारी घसा खाकरून वेळ मारून नेत, त्यावर ताई माईक ओढून घेऊन बोलायच्या. कोणी त्यांना पुरोगामी म्हणायचं, कोणी आगाऊ म्हणायचं. पोरापोरींना त्या फार आवडायच्या.

"भाषणं तर ढीगभर सापडली, अब्बा," फलक म्हणाली. "मतंच सापडून नाही राहिली."

"कशी सापडतील?" शफी म्हणाले. "नव्वद टक्के वेळा आवाजी मतदान असतं. होयवाले होय म्हणतात, नाहीवाले नाही म्हणतात, सभापती ऐकतात आणि निर्णय देतात. कोण काय म्हणालं याची नोंद होत नाही. कोणी मतविभागणी मागितली, घंटा वाजली, दारं बंद झाली, तरच नावं लिहिली जातात. ती कार्यवाहीत कुठं शोधायची याची एक रीत असते."

इतकं सलग बोललेलं ऐकून जैनबबी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"मग तुमीच शिकवा ना त्याइले," ती म्हणाली. "नाई तरी इथं बसून पंख्याकडे पाहूनच राहिले."

असं शफी यांचं शनिवारचं अमरावतीला जाणं सुरू झालं. सकाळची गाडी पकडायची, मूर्तिजापूरला चहा घ्यायचा, बडनेऱ्याला उतरून रिक्षानं कॉलेज. पहिल्या शनिवारी ते जरा दबूनच वर्गात शिरले. तिसऱ्या शनिवारी ते पोरांना एका माजी मंत्र्याची नक्कल करून दाखवत होते. प्रत्येक वाक्याला "या निमित्तानं" म्हणणारा तो मंत्री दहा मिनिटांत किती वेळा तसं म्हणाला, आणि प्रतिवेदकांनी त्याच्यासाठी एकाच टिंबाची खूण कशी ठरवली, हे ऐकून पोरं बाकांवर आडवी झाली. कार्यवाहीच्या पानांतून नाव कसं हुडकायचं, "अनुकूल" आणि "प्रतिकूल" यांच्या याद्या कशा वाचायच्या, हे सगळं त्यांनी शिकवलं. त्यांनाही घरी परतताना शीळ घालावीशी वाटायची. एकदा तर गाडीत त्यांनी घातलीसुद्धा, आणि समोरच्या बाईनं पदर सावरल्यावर खिडकीबाहेर पाहू लागले.

सहाजणांत आकांक्षा कास्देकर सगळ्यांत चिवट. मेळघाटात धारणीच्या पलीकडे टेंभुरढाणा म्हणून कोरकू आदिवासी वस्तीचं गाव आहे, तिथली. गावातून कॉलेजात आलेली पहिली मुलगी. तीन वर्षांपूर्वी ज्योत्स्नाताई त्या गावात आल्या होत्या. तेव्हा सरकार शाळा समूह विधेयक आणणार अशी बोलवा होती. वीसपेक्षा कमी पोरं असलेली शाळा बंद करून ती पोरं मोठ्या गावच्या शाळेत न्यायची, असा तो बेत. शाळेच्या ओट्यावर उभं राहून ताई त्याविरुद्ध बोलल्या होत्या. आकांक्षानं ते मोबाईलवर टिपून ठेवलं होतं. परीक्षेआधी भीती वाटली की ती ते ऐकायची.

अकरा वेळा मतविभागणी झाली होती. दहा वेळा ताईंचा शब्द आणि ताईंचं मत तंतोतंत जुळलं. एकदा तर सत्ताधारी आणि विरोधक दोघं एका बाजूला असताना ताई एकट्या प्रतिकूल होत्या. ते पान सापडलं त्या दिवशी पोरांनी कॅन्टीनमधून समोसे आणले होते.

पाचव्या शनिवारी आकांक्षा संगणकासमोर बसली होती आणि शफी तिच्या शेजारी. शाळा समूह विधेयकाचं पान उघडलं. तिनं बोट ठेवून आधी प्रतिकूलची यादी वाचली. पुन्हा वरून वाचली. मग अनुकूलची. सतराव्या नावावर तिचं बोट थांबलं.

श्रीमती ज्योत्स्ना गावंडे.

"सर," ती हळू म्हणाली, "दोन ज्योत्स्ना गावंडे असतीन का?"

"नाही बेटा."

तिनं संगणक बंद केला. कोणावर आदळआपट नाही, रडणं नाही. दप्तर उचललं आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. शफी थोड्या वेळानं तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं विचारलं, "या जूनपासून आमच्या गावची शाळा बंद होऊन राहिली. नोटीस आली. माही लहान बहीण तिसरीत आहे. ताईले हे माहीत असन का?"

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कॉलेजच्या सभागृहात कार्यक्रम ठरला होता. ताईंना पाहुण्या म्हणून बोलावलं होतं आणि त्यांच्यासमोरच पोरं सगळं वाचून दाखवणार होती. प्राचार्यांना अकराव्या मताची कुणकुण लागली तसे ते फलकला म्हणाले, "मॅडम, दहा जुळली ना? दहा वाचा. पाहुण्याला बोलावून तोंडघशी पाडायचं बरं दिसत नाही."

पोरंही दोन तट पडून भांडत होती. कुलदीप म्हणत होता, एका मतासाठी चांगल्या बाईचं नाव कशाला खराब करायचं. तिचे विरोधक टपूनच बसले आहेत. बाकीच्यांचं मत रोज बदलत होतं. शेवटी फलक वडिलांकडे वळली.

"अब्बा, तुम्हाला काय वाटतं?"

शफी गडबडले. सवयीनं त्यांनी मान खाली घातली.

"मला वाटतं," ते सावकाश म्हणाले, "रेकॉर्ड आवडो न आवडो, त्यातलं पान फाडता येत नाही. दहा वाचायची असतील तर अकरावंही वाचावं लागेल. आणि ते त्या बाईच्या पाठीमागं नाही, समोर वाचावं. समोर वाचलं तर त्याला चुगली म्हणत नाहीत."

"मीच वाचते," आकांक्षा म्हणाली.

कार्यक्रमाच्या दिवशी ज्योत्स्नाताई वेळेवर आल्या, खांद्याला एक झोळी, सोबत कोणी नाही. सभागृह गच्च भरलं होतं. एकेक मत वाचलं जाऊ लागलं. आधी ताईंचं भाषण, मग ताईंचं मत. दरवेळी टाळ्या पडत होत्या आणि ताई लाजून पदराशी चाळा करत होत्या. दहावं झालं आणि आकांक्षा उठली. तिनं मोबाईल माईकपाशी धरला. ताईंचा आवाज सभागृहात घुमला, "ही शाळा हलवणाऱ्या विधेयकाले माहा हात वर जाणार नाई. माहा शब्द लिहून ठेवा."

मग आकांक्षानं कागद उचलला. "शाळा समूह विधेयक. मतविभागणी. अनुकूल, क्रमांक सतरा, श्रीमती ज्योत्स्ना गावंडे."

प्राचार्यांनी रुमाल काढून मान पुसली. ताई उठल्या. माईकपाशी आल्या, पण माईकमध्ये न बोलता आधी आकांक्षाकडे पाहिलं.

"कोणत्या गावची वं तू?"

"टेंभुरढाणा."

ताईंनी डोळे मिटले आणि उघडले. "बरोबर वाचलं तू," त्या म्हणाल्या. "मी अनुकूल मत दिलं. ते पास होणार होतं, माह्या मतानं काही अडत नव्हतं. मले सांगण्यात आलं, तुमी हात वर करा, तुमची एक दुरुस्ती घेतो. सातवीनंतर पोरींना शाळेत न्यायला सरकारी बस. मी विचार केला, शाळा तर जातेच, बस तरी पदरात पाडून घेऊ. तेव्हा मले ते शहाणपणाचं वाटलं. आज विचारशील तर माहीत नाई. पण एक नक्की चुकलं. मी तुह्या गावात येऊन हे सांगितलं नाई. दोन बार गाडी परतवाड्यावरून परत फिरवली. लाज वाटे."

सभागृहात चुळबुळ झाली. आकांक्षा अजून उभीच होती.

"मग आता येता का?" तिनं विचारलं.

"येते."

"कवा?"

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यात ताईसुद्धा सापडल्या. "पुढच्या रविवारी," त्या म्हणाल्या. "पक्कं. हे बी लिहून घे."

शफी अकोल्याला परतले, पण त्यांना चैन पडेना. त्या विधेयकावरच्या चर्चेचं फक्त शेवटचं पान त्यांनी पाहिलं होतं. पूर्ण चर्चा एकशे साठ पानांची होती. सोमवारी त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले. वाटेत "गोंधळ", "अडथळा", "अनेक सदस्य एकाच वेळी बोलतात" असल्या नोंदींचं रान माजलं होतं. बुधवारी दुपारी, एकशे बाराव्या पानावर, अशाच एका गोंधळाच्या मधोमध त्यांना चार ओळी दिसल्या. त्यांनी त्या तीनदा वाचल्या आणि जैनबबीला हाक मारली.

ज्योत्स्नाताईंनी विचारलं होतं, "ज्या गावाला बारमाही रस्ता नाही, तिथली पोरं पावसाळ्यात दुसऱ्या शाळेत जाणार कशी?" आणि मंत्र्यांनी उत्तर दिलं होतं, "बारमाही रस्ता नसलेल्या गावातील शाळा हलवली जाणार नाही, असे मी सभागृहाला आश्वासन देतो." त्यापुढं लगेच पुन्हा "गोंधळ". वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी फक्त गोंधळाची बातमी दिली होती.

ती दहा मिनिटं शफी यांची नव्हती. टिपण वच्छला निकम यांचं होतं; त्यांच्याच शाखेतली, अजून नोकरीत असलेली साताऱ्याकडची बाई. त्यांनी तिला फोन लावला.

"वच्छलाबाई, त्या आरडाओरड्यात तुम्हाला हे ऐकू कसं आलं?"

"ऐकू कुठलं येतंय, शफीभाई!" पलीकडून ती हसली. "मी त्यांच्या ओठांवरून उचललं. मग आत जाऊन ध्वनिफीत चार वेळा ऐकली. पटलं तेव्हाच ठेवलं."

शफी यांनी तिला इतक्या दुवा दिल्या की ती फोनवरच बावरली.

"आता ताईले फोन लावा," जैनबबी म्हणाली.

शफी यांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. "नको. आत्ता सांगितलं तर ताई टेंभुरढाण्याला चूक कबूल करायला नाही, पेढे वाटायला जातील. आधी त्यांना जे बोलायचं ते बोलू दे. मग मी वाचतो."

जैनबबीनं नवऱ्याकडे नवीनच माणूस पाहिल्यासारखं पाहिलं. "तुमी वाचसान? लोकाईसमोर?" मग म्हणाली, "मग मी बी येते. हे पाहायले मी येतेच."

रविवारी दोन जीपगाड्या निघाल्या. परतवाड्यापुढं घाट लागला तशी जैनबबीनं खिडकी धरून दुरूदची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली आणि घाट संपल्यावर डब्यातून वांग्याचं भरीत आणि भाकरी काढून सगळ्यांना वाटली. डांबरी रस्ता गावाच्या चार किलोमीटर अलीकडे संपला. तिथं झाडाखाली एक पिवळी बस उभी होती. हीच ताईंची बस. पुढं नाला होता, त्यावर पूल नव्हता. मार्चमध्ये नाला कोरडा, म्हणून जीपगाड्या कशाबशा उतरून चढल्या. गावाच्या कडेला बाया मोहाची फुलं वेचत होत्या. गाड्या पाहून त्या टोपल्या घेऊन मागोमाग आल्या.

शाळेच्या पटांगणात गाव बसलं. ताई त्याच ओट्यावर उभ्या राहिल्या आणि कॉलेजात बोलल्या होत्या तेच, एक शब्द कमी न करता, बोलल्या. शेवटी म्हणाल्या, "मी तुमाले शब्द दिला होता. तो पाळला नाई आन् सांगायलेही आली नाई. चुकली."

शाळा समितीची अध्यक्ष सोमतीबाई उठली. पन्नाशीची, किडकिडीत, हातात अजून मोहाची टोपली. तिची बोली हिंदी-वऱ्हाडीची मिसळ होती.

"बाई, आमाले तो उसी दिन मालूम पडलं होतं. मोबाईल इथं बी चालते, त्या टेकडीवर चढलं की. आकांक्षाले नाई बताया, तिचं मन तुटलं असतं. आमी म्हटलं, येईन, बताईन. तीन बरस तुही वाट पाहिली." ती थांबली. "आली, अच्छा केलं. लेकिन तुही बस नाल्याच्या त्या पार उभी राहते. पावसात पोट्ट्या नाल्यातून जातीन का? बस बी अर्धी, शाळा बी अर्धी. दोन अर्धे मिळून पूरा होते का? तू तर गणित सिकवत होती ना?"

गाव हसलं. ताई मात्र हसल्या नाहीत. "नाई होत," त्या म्हणाल्या.

तेव्हा शफी उठले. खिशातून कागद काढला, चष्मा लावला, आणि एकतीस वर्षं जे दुसऱ्यांनी केलं ते पहिल्यांदा स्वतः केलं. मान वर करून बोलायला लागले. सुरुवातीला आवाज मागपर्यंत पोहोचेना. "मोठ्यानं!" जैनबबी बायांमधून ओरडली. मग पोहोचला. ताईंचा प्रश्न त्यांनी वाचला. मंत्र्यांचं उत्तर वाचलं. तारीख वाचली, पान क्रमांक वाचला. मग कागद खाली घेऊन साध्या बोलीत सांगितलं, "सरकारनं कबूल केलं आहे. ज्या गावाले बाराही महिने चालणारा रस्ता नाही, त्या गावची शाळा हलवायची नाही. तुमच्या नाल्यावर पूल नाही. म्हणजे तुमची शाळा हलवता येत नाही."

ताई ओट्यावरून खाली उतरल्या आणि त्यांच्या हातातला कागद घेऊन पाहू लागल्या. "मी विचारलं होतं," त्या पुटपुटल्या. "मले आठवते. पण इतका गलका होता, उत्तर आलं हेच मले समजलं नाई. मी खाली बसली."

"पण तोंडानं बोललेलं कोण मानते?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. "बोलते तर सगळेच."

"बाहेर बोललेलं हवेत जाते, बाबा," शफी म्हणाले. "सभागृहात आश्वासन दिलं की त्याची नोंद होते. एक समितीच आहे त्याच्यासाठी. दिलेला शब्द पाळला का नाही, ती सरकारले विचारते. ताईंनी हे पान तिथं ठेवलं पाहिजे, अन् तुमच्या ग्रामसभेनं ठराव करून त्याले जोडला पाहिजे."

पटांगणात जो कल्ला उठला तो विधान भवनाला लाजवणारा होता. सोमतीबाईनं टोपली खाली ठेवून ठराव तिथंच करायला लावला. आकांक्षानं तो लिहिला, गावानं सह्या केल्या, ज्यांना येत नव्हत्या त्यांनी अंगठे दिले. तिची तिसरीतली बहीण अंगठा द्यायला पुढं आली तेव्हा तिला सही येत असल्यामुळं परत पाठवलं, आणि ती रुसली.

मग तोच म्हातारा पुन्हा उठला. चेहरा विचारात पडलेला.

"म्हणजे नाल्यावर पूल बांधला का शाळा गेली?"

हे कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"मग आता आमी पूल मागावा का नाई?" म्हातारा म्हणाला. "वीस बरसांपासून मागून राहिलो. आता भेव वाटून राहिलं, कुठं मंजूर नाई झाला पाहिजे!"

ताईंना हसू आवरेना. त्या हसता हसता खालीच बसल्या, सोमतीबाई त्यांच्या पाठीवर थापट्या मारू लागली, आणि हसणं पटांगणभर पसरत गेलं. जैनबबीच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोळे पुसत ताई म्हणाल्या, "पूल बी पाहिजे, शाळा बी पाहिजे. कायद्यातच तसं घालून घेऊ. मी माहं स्वतःचं, अशासकीय विधेयक आणते, पुढच्या अधिवेशनात..."

"ताई," आकांक्षा वहीवरून मान वर करून म्हणाली, "सोचून बोला हं. मी लिहून घेऊन राहिली."

"लिही," ताई म्हणाल्या. "तारीख टाक."

या प्रकल्पाची पोरांनी काढलेली पुस्तिका एप्रिलमध्ये छापून आली. अकराव्या मतापुढं काय लिहायचं यावर पोरं आठ दिवस भांडली. शेवटी कुलदीपनंच तोडगा काढला. शब्द जुळला नाही, असं स्पष्ट लिहिलं. त्याखाली ताईंनी गावात जाऊन काय सांगितलं ते लिहिलं, आणि त्याखाली पान एकशे बारा. ताईंच्या विरोधकांनी पहिली ओळ फिरवली, समर्थकांनी दुसरी फिरवली. टेंभुरढाण्यानं तिसरी मोठ्या अक्षरांत करून शाळेच्या भिंतीवर चिकटवली.

समितीपुढं पान गेलं, खात्याकडं विचारणा गेली, आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. मेळघाटातल्या अशा नऊ गावांच्या शाळा आहेत तिथंच राहणार होत्या. आकांक्षानं फोनवर सांगितलं तेव्हा शफी घराबाहेर ओट्यावर दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच ठेवून ते आत पळाले. जैनबबीनं गल्लीत जिलेबी वाटली आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला आपला नवरा लोकांसमोर कसा बोलला ते मुळापासून सांगितलं. ताईंचं विधेयकही पावसाळी अधिवेशनासाठी दाखल झालं. त्याचं काय होईल कोणी सांगू शकत नव्हतं, पण मतविभागणी मागायचीच, हे ताईंनी आधीच जाहीर करून टाकलं होतं.

शाळा उघडायच्या दिवशी सगळे पुन्हा टेंभुरढाण्याला निघाले. आदल्या दिवशी घाटात पाऊस झाला होता आणि नाल्याला गुडघाभर पाणी होतं, म्हणून जीपगाड्या पिवळ्या बसशेजारीच थांबल्या. ताईंनी चपला हातात घेतल्या आणि साडी खोचली. फलक आणि पोरं एकमेकांचे हात धरून उतरली. जैनबबी काठावर उभी राहून म्हणाली, "या अल्ला, या वयात!" आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरली.

पलीकडच्या काठावर गावची सोळा पोरं नवीन गणवेशात रांगेनं उभी होती. आकांक्षाची बहीण सगळ्यांत पुढं. पाहुणे नाल्याच्या मध्यावर आले तसं तिला राहवलं नाही. गणवेशासकट तिनं पाण्यात उडी घेतली, आणि तिच्यामागं सगळी रांगच पाण्यात उतरली. मास्तर काठावरून ओरडत राहिले. शफी यांच्या चष्म्यावर पाणी उडालं, त्यांना पुढचं काही दिसेना, तेव्हा कोणाचातरी लहानसा ओला हात त्यांच्या हातात आला आणि ओढत ओढत त्यांना गावाकडं घेऊन निघाला.